नुसती पब्लिक

गेल्या वर्षी पावसाळ्यात आठवीच्या वर्गाला मी चित्रासाठी ‘शहर’ हा विषय दिला. अशा विषयावर आमची रत्नागिरीची मुले बहुधा मांडवीची जेटी काढतात, थिबा राजवाडा काढतात, नाहीतर सुटीत पाहिलेली मुंबई काढतात. एका मुलाने आकाशाला भिडणाऱ्या इमारती काढल्या होत्या. मध्यभागी डोक्यावर टोपी ओढलेला, जाकीट घातलेला एक पुरुष उभा. त्याचा उजवा हात कोपरापासून पुढे पात्यासारखा झालेला. त्या हाताच्या शिरा, जाकिटाच्या चुण्या, बुटांच्या नाड्या हे सारे मन लावून काढलेले होते. खाली रस्ताभर माणसे होती; पण त्यांतल्या एकालाही चेहरा नव्हता. वाटोळे डोके आणि खाली दोन रेघा, एवढेच.

“अरे, ही माणसे कोण?” मी विचारले.

“ती कोणी नाहीत, सर. ती नुसती पब्लिक आहे.”

हा मुलगा आडदांड नाही. डब्यातली पोळी शेजाऱ्याला देऊन मग खाणारा आहे. म्हणूनच त्याचे उत्तर माझ्या मनात राहिले. चौकशी केली तेव्हा कळले, की चित्रातला तो पुरुष ‘प्रोटोटाइप’ नावाच्या व्हिडिओ गेमचा नायक आहे, आणि माझा स्वतःचा तेरा वर्षांचा मुलगाही तोच खेळ मागत आहे. आता बापाला काहीतरी उत्तर देणे भाग होते. न पाहता नकार देणे सोपे. पण न वाचता माझ्या कादंबऱ्यांवर अभिप्राय देणाऱ्यांचा मला आयुष्यभर राग आलेला आहे. गणपतीला पुण्याहून आलेल्या पुतण्याच्या संगणकावर तो खेळ होता. आरत्या आटोपल्या की आम्ही दोघे बसू लागलो. तो गेल्यावरही संगणक पंधरा दिवस माझ्यापाशी ठेवून गेला. हे परीक्षण त्या पंधरा दिवसांचे आहे.

आरंभीच एक सांगून टाकतो. मी मॅट्रिकपुढे गेलेला नाही. चित्रकलेच्या परीक्षा देऊन शाळेत लागलो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. मानसशास्त्राचा माझा अभ्यास नाही. हिंसक खेळ खेळून मुले हिंसक होतात की नाही, या वादात मी पडणार नाही. मला ठाऊक आहे ते गोष्ट कशी रचतात आणि तिच्यातल्या माणसांचे काय करतात, एवढेच. तेवढ्याच अधिकाराने मी लिहितो.

‘प्रोटोटाइप’ हा खेळ कॅनडातील व्हँकूवर येथील ‘रॅडिकल एंटरटेनमेंट’ या कंपनीने रचला आणि २००९ च्या जून महिन्यात ‘ॲक्टिव्हिजन’ने प्रसिद्ध केला. ॲलेक्स मर्सर नावाचा तरुण एका कंपनीच्या शवागारात जागा होतो. त्याला मागचे काही आठवत नाही. त्याच्या देहात एका रोगजंतूने अघटित शक्ती भरली आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर तोच रोग पसरतो आहे, आणि एक गुप्त लष्करी दल रोगाचा आणि त्याचा दोघांचाही नाश करायला निघाले आहे. खेळणाऱ्याने या बेटावर कुठेही हिंडावे, भिंतीवरून धावत गच्चीवर जावे, तिथून हवेत तरंगत दुसऱ्या रस्त्यावर उतरावे. गोष्ट पुढे न्यायची की नुसते भटकायचे, हे त्याच्या मर्जीवर आहे. अशा रचनेला ओपन वर्ल्ड म्हणतात. मराठीत मोकळे शहर म्हणायला हरकत नाही.

या मोकळेपणाचा आनंद खरा आहे, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. पहिल्या रात्री मी तासभर कोणालाही न मारता केवळ भिंती चढत होतो. लहानपणी भाट्याच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी वाऱ्याच्या तोंडावर धावताना आपण आता उडणार असे जे वाटे, ते मला इतक्या वर्षांनी पुन्हा वाटले. ज्याला यात काहीच दिसत नाही, त्याने मुलांशी या विषयावर बोलू नये. मुले त्याचे ऐकणार नाहीत.

परंतु नायक जखमी झाला की खेळाचे खरे रूप दिसते. जीव भरून काढण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे माणूस खाणे. रस्त्यावरचा कोणीही धरावा आणि आपल्या देहात विरघळवून टाकावा. बाई, म्हातारा, शिपाई, कोणीही चालतो. आपली शक्ती वाढते आणि त्या माणसाचे रूपही आपल्याला घेता येते. सैनिकांनी पाहिले तर पाठलाग होतो. कोणी पाहिले नाही तर काहीच होत नाही. पाप लागत नाही, गोष्ट बदलत नाही, पुढच्या रस्त्यावरची गर्दी तशीच चाललेली असते. तिसऱ्या रात्री पुतण्याने मला सहज विचारले, “काका, आत्तापर्यंत किती खाल्लेत?” मला आकडा सांगता आला नाही. पहिला माणूस खाताना मी कळ दाबायला कचरलो होतो; तिसऱ्या रात्री मी त्यांच्याकडे केवळ जीव भरण्याचे साधन म्हणून पाहत होतो. माझ्या विद्यार्थ्याने चेहरे का काढले नाहीत, हे मला तिथे उमगले. त्याने जे पाहिले तेच त्याने प्रामाणिकपणे काढले होते.

विलक्षण गोष्ट अशी, की या खेळाच्या पोटातच याचे उत्तर दडलेले आहे. शहरात काही माणसे अशी आहेत, की त्यांना खाल्ले की त्यांच्या आठवणी नायकाच्या डोक्यात उतरतात. ही माणसे शंभराहून अधिक आहेत. क्षणभर कोणाचा चेहरा, कोणाचे बोलणे, कोणाची भीती दिसते, आणि अशा तुकड्यांतून कटाचे जाळे उलगडत जाते. ज्याला गिळले त्याचे आयुष्य गिळणाऱ्याला आठवत राहावे, ही कल्पना केवढी मोठी आहे! कोणत्याही कादंबरीकाराने हेवा करावा अशी. पुढे तर असे उघड होते, की खरा ॲलेक्स मर्सर केव्हाच मेला आहे; आपण ज्याला तो समजत होतो तो त्याला खाऊन त्याचेच रूप घेतलेला रोग आहे. माणूस नसलेले काहीतरी माणसांच्या आठवणी खात खात माणूसपणाच्या जवळ येते आहे, ही या खेळाची खरी गोष्ट होऊ शकली असती. पण रचणाऱ्यांनी त्या आठवणींचा उपयोग केवळ बातमी मिळवण्यापुरता केला. आठवणी फक्त कटाशी संबंध असलेल्यांना दिल्या. फूटपाथवरच्या बाईला आठवण नाही. म्हणून तिला खाल्ल्यावर नायकाच्या डोक्यात काही उरत नाही. माझा मुख्य आक्षेप रक्ताला नसून या कंजूषपणाला आहे.

रक्ताचे म्हणाल, तर आपल्याला त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. महाभारतात भीम दुःशासनाची छाती फोडून रक्त पितो, आणि ते ऐकत ऐकत आपण मोठे झालो. पण युद्ध संपल्यावर व्यासांनी स्त्रीपर्व घातले. तिथे गांधारी रणभूमीवरचे एकेक प्रेत ओळखते आणि त्याच्यासाठी रडते. जितके मारले तितक्याचा हिशेब देण्याची ही तयारी आहे. आमच्या शिमग्यातल्या नमनात संकासूर येतो. काळा वेष, मुखवटा, उंच टोपी. लहानपणी त्याला पाहून मी आईच्या पदरात शिरत असे. पण खेळ संपल्यावर तोच मनुष्य मुखवटा उतरवून आमच्या पडवीत चहा घेत बसे, आणि तो वाडीतला कोण हे मला समजे. भीतीला तिथे नाव होते आणि तिला शेवट होता. शेजारी मोठी माणसे होती.

अमेरिकेत या प्रश्नाचा निकाल वेगळ्या रीतीने लावला गेला. १९९३ साली तिथल्या सिनेटमध्ये हिंसक खेळांवर सुनावणी झाली आणि १९९४ साली धंद्यातल्या लोकांनीच वयाची खूण ठरवणारे मंडळ स्थापन केले. त्याने ‘प्रोटोटाइप’ला सतरा वर्षांवरील वयाची खूण दिली, युरोपातील मंडळाने अठराची. कॅलिफोर्नियाने अज्ञान मुलांना असे खेळ विकण्यास कायद्याने बंदी केली होती; २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द ठरवला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी ग्रिम बंधूंच्या परीकथांचा दाखला दिला, की मुलांच्या गोष्टींत क्रौर्य पूर्वीपासूनच आहे. दाखला खरा आहे, पण अर्धा. ग्रिमच्या गोष्टीत शिक्षा भोगणारी राणी कोण आणि तिने काय केले, हे मुलाला ठाऊक असते. वाटेवरची अनोळखी माणसे खाऊन राजपुत्र बळकट होतो, अशी परीकथा निदान माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे चित्रपटांना प्रमाणपत्र देणारे मंडळ आहे. २०२३ च्या दुरुस्तीने तर सात, तेरा आणि सोळा अशा वयाच्या पायऱ्याही त्यात आल्या. खेळांसाठी तसे मंडळ नाही. डब्यावरची खूण परदेशची, आणि खेळ डब्यातून न येता मित्राच्या संगणकावरून येतो, तेव्हा ती खूणही दिसत नाही. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात पबजी या खेळाविरुद्ध जनहित याचिका आली, ती एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत केलेली होती. मोठ्यांनी विचारायचा प्रश्न मुलाने विचारावा, याची आपल्याला लाज वाटायला हवी. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने तो खेळ बंद केला, पण कारण दिले देशाच्या सुरक्षिततेचे. मुलांचा प्रश्न होता तिथेच राहिला.

असे खेळ दुसऱ्या रीतीने रचता येत नाहीत असेही नाही. ‘प्रोटोटाइप’च्या आधी थोडेच दिवस, २००९ च्या मे महिन्यात, ‘इन्फेमस’ हा खेळ आला. त्याचे चित्रण मी पाहिले आहे. त्याच्याही नायकाला अघटित शक्ती मिळते. पण जखमी पडलेल्याला वाचवायचे की त्याचाच जीव शोषून घ्यायचा, हे खेळणारा ठरवतो, आणि त्याप्रमाणे रस्त्यावरचे लोक त्याचा जयजयकार करतात किंवा त्याला दगड मारतात. म्हणजे तिथल्या गर्दीला निदान मत आहे. २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये तेच मॅनहॅटन आहे, पण तिथे गच्चीवरून ढकललेला गुंडसुद्धा जाळ्याने भिंतीला चिकटतो, मरत नाही. आणि आपल्या पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स’ या छोट्या कंपनीने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. त्यात मोकळे शहर नाही, पण असुरांशी मारामारी भरपूर आहे. मात्र ती सारी राजी नावाची मुलगी गोलू नावाच्या हरवलेल्या भावासाठी करते. त्या एका नावामुळे खेळणाऱ्याला प्रत्येक घावाचे कारण ठाऊक असते.

येथवर लिहून मी थांबणार होतो. पण पुतण्याशी झालेले एक बोलणे लपवले तर हे परीक्षण खोटे होईल. मी माझा आक्षेप त्याला ऐकवला. तो शांतपणे म्हणाला, “काका, तुमच्या पहिल्या कादंबरीत मचवा बुडतो ना? सात माणसे मरतात. त्यांची नावे काय?”

मला तांडेल आठवला आणि नायिकेचा भाऊ आठवला. बाकीच्या पाच खलाशांना मी नावे दिलीच नव्हती. नायिकेला दुःख व्हावे म्हणून मी मचवा बुडवला. दोन माणसे पुरेशी होती, पण दोनच बुडाली तर प्रसंग लहान वाटेल म्हणून आणखी पाच घातली. त्या वेळी माझ्या दृष्टीने तीही नुसती पब्लिकच होती. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांचा वाद मराठीत पुष्कळ चघळला गेला. खांडेकर तर शिरोड्याच्या शाळेतले शिक्षक, म्हणून मी स्वतःला आपसूक त्यांच्या बाजूचा समजत आलो. पुतण्याच्या प्रश्नाने मला कळले, की बाजू घेणे सोपे आहे.

तरीही एक फरक राहतो. माझ्या वाचकाने मचवा बुडवला नाही. त्याला तो बुडाल्याचे सांगितले गेले. खेळणाऱ्याचा हात स्वतः कळ दाबतो, आणि तीच गोष्ट शेकडो वेळा करतो. प्रौढ माणूस त्या हाताकडे दुरून पाहू शकतो. मी तिसऱ्या रात्री पाहिले, आणि त्यासाठीसुद्धा मला पुतण्याचा प्रश्न लागला. तेराव्या वर्षी ते अंतर नसते. माणसे ओळखायला शिकण्याचेच ते वय आहे. म्हणून माझा निर्णय असा: प्रौढांनी हा खेळ जरूर पाहावा, त्यात एक मोठी कल्पना वाया गेलेली आहे आणि ती कशी वाया गेली हे पाहण्यासारखे आहे. मुलांच्या हाती तो देऊ नये. दुसऱ्याकडे खेळून आलेच, तर ओरडू नये, शेजारी बसावे आणि विचारावे, “आत्ता खाल्लास तो कोण होता?”

मुलाला मी सतरा वर्षांचा होईपर्यंत थांबायला सांगितले आहे. त्याला ते पटले असे नाही. रागाने तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. माझ्या त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याचा संभव नाही. घरच्या प्रतीत मात्र मचव्याच्या प्रकरणापाशी समासात मी पेन्सिलीने पाच नावे लिहून ठेवली आहेत.