जांभळी तार आणि चावी : फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या ग्रंथातील बिल्ड-व्यवस्थापन व प्रवेशाधिकार यांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या अध्यापनात फ्रेडरिक ब्रुक्स यांचे नाव बहुधा एकाच नियमापुरते घेतले जाते. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो, हा तो नियम. विद्यार्थी तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि 'द मिथिकल मॅन-मंथ' हा ग्रंथ वाचल्याचे समाधान मिळवतात. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची १९९५ साली नवीन प्रकरणांसह विस्तारित आवृत्ती निघाली. १९९९ चा ट्युरिंग पुरस्कार लाभलेले ब्रुक्स २०२२ साली निवर्तले. इतक्या दीर्घ काळात ग्रंथाच्या पहिल्या काही प्रकरणांची जितकी चर्चा झाली, तितकी बाराव्या व तेराव्या प्रकरणांची झालेली दिसत नाही. वास्तविक चाचणीसाठी तयार होणारी आवृत्ती, म्हणजे आजच्या व्यवहारभाषेत 'बिल्ड', कोणी बांधावी, कोठे ठेवावी आणि तिला हात लावण्याचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न ब्रुक्स यांनी याच दोन प्रकरणांत उपस्थित केला आहे. मोबाइल ॲपच्या चाचणीप्रकल्पात हाच प्रश्न दररोज उभा राहतो. त्या दृष्टीने या प्रकरणांचे पुनर्वाचन करणे आणि त्यांतील उणीव दाखवणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथालयाची कल्पना

आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीच्या निर्मितीचा अनुभव या ग्रंथाच्या मुळाशी आहे. बाराव्या प्रकरणात ब्रुक्स तेथील आज्ञावली-ग्रंथालयाचे वर्णन करतात. प्रत्येक प्रोग्रामरला स्वतःची एक जागा असे. तेथे त्याने आपल्या आज्ञावलीच्या प्रती, चाचणीची उदाहरणे आणि तात्पुरता आधार देणारी सामग्री हवी तशी ठेवावी, बदलावी, मोडावी; त्यावर कोणाचेही बंधन नसे. या जागेला ब्रुक्स मुलांच्या खेळण्याच्या कुंपणाची उपमा देतात. घटक जोडणीस योग्य झाला की त्याची प्रत वरच्या प्रणालीच्या व्यवस्थापकाकडे जाई आणि त्या क्षणापासून मूळ प्रोग्रामरचाही तिच्यावरचा हक्क संपे. व्यवस्थापकाच्या अनुमतीशिवाय त्याला तीत एक ओळही बदलता येत नसे. जोडणी व चाचणी यांतून पार पडलेली आवृत्ती पुढे 'चालू आवृत्ती'च्या दालनात जाई. तेथे केवळ काम ठप्प करणारा दोष असेल तरच हस्तक्षेप होई. ७०१० या यंत्रावरील एका सूचीत प्रत्येक घटकाच्या प्रत्येक आवृत्तीची स्थिती, तिचे ठिकाण आणि तिच्यातील बदल नोंदलेले असत.

या व्यवस्थेचे मर्म ब्रुक्स दोन गोष्टींत सांगतात : प्रतीवर व्यवस्थापकाचे नियंत्रण आणि एका दालनातून दुसऱ्या दालनात जाण्याचा औपचारिक क्रम. येथे त्यांची दृष्टी खरोखर पुढची आहे. लिहिणाऱ्याचा आपल्या लेखनावरील हक्क एका विशिष्ट टप्प्यावर संपला पाहिजे, हे तत्त्व त्या काळातील प्रोग्रामरला रुचणारे नव्हते. आजच्यालाही ते फारसे रुचते असे नाही.

मात्र या वर्णनातून एक व्यक्ती जवळपास गायब आहे. ती म्हणजे टेस्टर. ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात हार्लन मिल्स यांच्या कल्पनेवर आधारलेले दहा जणांचे 'शल्यपथक' येते. त्यात टेस्टरला स्वतंत्र स्थान आहे. एकीकडे त्याने विनिर्देशावरून प्रतिपक्षाच्या भूमिकेतून कसोट्या रचायच्या आणि दुसरीकडे मुख्य प्रोग्रामरच्या रोजच्या दोषनिवारणासाठी साहाय्यक म्हणून सामग्री पुरवायची, असे त्याचे दुहेरी स्वरूप ब्रुक्स स्पष्ट करतात. त्याच पथकात आज्ञावलीची सर्व कागदपत्रे सांभाळणारा एक लिपिकही आहे. हा लिपिक म्हणजे आजच्या बिल्ड-व्यवस्थापकाचा पूर्वज. परंतु प्रतिपक्ष म्हणून उभ्या असलेल्या टेस्टरने या लिपिकाकडून कोणती प्रत, कोणत्या हक्काने मागावी, याविषयी ग्रंथ मौन पाळतो. मुख्य प्रोग्रामर जी देईल ती प्रत घ्यायची असेल, तर प्रतिपक्षाची भूमिका नाममात्र राहते. बाराव्या प्रकरणातील ग्रंथालयातही प्रोग्रामर आहे, व्यवस्थापक आहे. चाचणी होते, पण चाचणी करणाऱ्याचा अधिकार मात्र कोठेही सांगितलेला नाही.

जांभळी तार

या ग्रंथातील सर्वांत मौलिक विचार तेराव्या प्रकरणात, यंत्रांच्या गोष्टीच्या रूपाने येतो. सिस्टिम/३६० च्या यंत्रांची प्रयोगशाळेत जुळणी चालू असताना दोष सापडला की त्यावर झटपट इलाज केला जाई, कारण चाचणी थांबवणे परवडणारे नव्हते. हा इलाज जांभळ्या रंगाच्या तारेने केला जाई. मूळ जोडणीची तार पिवळी असल्याने जांभळी तार पाहताक्षणी नजरेत भरे. तिची नोंदवहीत नोंद होई आणि त्याच वेळी बदलाचा अधिकृत कागद आरेखनाच्या नियमित प्रक्रियेत शिरे. यथावकाश सुधारित आराखडे व नवीन फलक येत आणि त्यांत तोच बदल पिवळ्या तारेने किंवा छापील मंडलाने झालेला असे. तेव्हा कागद आणि यंत्र पुन्हा एकरूप होत आणि जांभळी तार निघून जाई. आज्ञावलीलाही अशीच जांभळी तार हवी, असे ब्रुक्स यांचे म्हणणे आहे.

ही कल्पना सुंदर आहे, पण ती आज्ञावलीला लागू करताना एक अडचण येते आणि ब्रुक्स ती पुरेशी ओळखत नाहीत. तारेला रंग असतो, आज्ञावलीच्या ओळीला नसतो. यंत्राजवळ उभ्या असलेल्या कोणत्याही तंत्रज्ञाला जांभळी तार दिसे, मग त्याने नोंदवही उघडलेली असो वा नसो. याउलट टेस्टरच्या हातातील ॲपकडे पाहून त्यात रात्री घाईने घातलेली दुरुस्ती आहे की नाही, हे कळण्याचा कोणताही मार्ग नाही. बिल्ड-क्रमांक हाच तेथे रंग. तो रंग बदलला नाही तर दोष लबाडीचा नसूनही परिणाम लबाडीसारखाच होतो. एकाच क्रमांकाच्या दोन भिन्न प्रती दोन टेस्टरांच्या हाती पडल्या, एकाला दोष दिसला, दुसऱ्याला दिसला नाही, तर दोघेही आपापल्या जागी खरे असतात आणि दोघांचे अहवाल निरुपयोगी ठरतात. प्रश्नपत्रिकेचा 'अ' संच सोडवलेल्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका 'ब' संचाच्या आदर्श उत्तरांवरून तपासली, तर परीक्षकाचा प्रामाणिकपणा कोणाच्याच कामी येत नाही, तसाच हा प्रकार.

ब्रुक्स यांनी याच प्रकरणात बदलांच्या वेळापत्रकाचाही विचार केला आहे. बदल एक तर मोठे व विरळ असावेत किंवा अगदी लहान व वारंवार. त्यांपैकी त्यांचा कल पहिल्याकडे होता, कारण वापरणाऱ्या गटाला मधला स्थिर काळ मिळतो. १९९५ च्या आवृत्तीत मात्र मायक्रोसॉफ्टमधील रोज रात्री बिल्ड बांधण्याच्या पद्धतीचे ते स्वागत करतात. मतांतर करण्याचा हा मोकळेपणा प्रशंसनीय आहे. तथापि टेस्टरच्या बाजूने पाहता पहिल्या मतातील तथ्य नाहीसे होत नाही. बिल्ड रोज बांधली जावी, हे ठीक. ती रोज प्रत्येक टेस्टरला पोचावी, हा वेगळा निर्णय आहे. सोमवारी सुरू केलेली कसोट्यांची फेरी गुरुवारी संपेपर्यंत हातातील ॲप तीन वेळा बदलले असेल, तर ती फेरी नेमकी कशाची झाली, हे सांगता येत नाही.

पाहणे, मिळणे, बदलणे

प्रवेशाधिकाराचा प्रश्न ग्रंथात आणखी एका वाटेने येतो. ओएस/३६० च्या प्रकल्पात सर्व दस्तऐवज प्रत्येकाने पाहावेत असे धोरण होते. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली याच्या नेमके उलट प्रतिपादन केले : घटकाचा अंतर्भाग इतरांपासून झाकलेला असावा. १९७५ साली ब्रुक्स यांनी हा विचार धुडकावला आणि १९९५ साली पार्नास बरोबर होते व आपण चुकलो, असे निःसंदिग्ध शब्दांत मान्य केले. ही कबुली ग्रंथकर्त्यांच्या इतिहासात विरळ म्हणावी अशी आहे, आणि तिचे कौतुक पुष्कळ झाले आहे.

असे असले तरी ही कबुली गरजेपेक्षा अधिक उदार वाटते. पाहण्याचा अधिकार, मिळण्याचा अधिकार आणि बदलण्याचा अधिकार या तीन गोष्टी भिन्न आहेत. पार्नास यांचा आक्षेप पाहण्याविषयी, तोही एका घटकाच्या लेखकाने दुसऱ्या घटकाच्या अंतर्रचनेवर विसंबण्याविषयी होता. बाराव्या प्रकरणातील ग्रंथालय बदलण्याविषयी आहे. टेस्टरला या दोहोंपेक्षा निराळे काही हवे असते. त्याला अंतर्भाग पाहण्याची गरज नसेल, बदलण्याची तर मुळीच नसावी. पण नेमकी कोणती आवृत्ती आपल्याला मिळाली आणि मागील आवृत्तीपासून तीत काय बदलले, हे त्याला कळलेच पाहिजे. तिन्ही अधिकार एकाच 'गोपनीयते'च्या कप्प्यात टाकले की टेस्टरला बिल्ड मिळते, बदलांची यादी मिळत नाही. परदेशी ग्राहकासाठी पुण्यात बसून चाचणी करणाऱ्या गटाच्या बाबतीत हा भेद केवळ तात्त्विक राहत नाही. मूळ आज्ञावली ग्राहकाकडे, बिल्ड बांधणारे यंत्र ग्राहकाकडे आणि दोष सुटला की निसटला याची जबाबदारी मात्र येथे, अशी विभागणी तेथे होऊ शकते.

शेवटची पायरी

ब्रुक्स यांची पायऱ्यांची मांडणी चालू आवृत्तीच्या दालनाशी थांबते. तेथून प्रत प्रत्यक्ष वापराच्या यंत्रावर जाते कशी, हे त्यांना फारसे महत्त्वाचे वाटले नसावे. नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली संस्थेच्या बाबतीत १ ऑगस्ट २०१२ रोजी जे घडले, त्याने याच पायरीचे मोल दाखवले. भागबाजारातील मागण्या पाठवणारी नवीन आज्ञावली आठ सर्व्हरवर चढवायची होती; एका तंत्रज्ञाकडून ती सातांवरच चढवली गेली. आठव्यावर २००३ पासून वापरात नसलेली जुनी आज्ञावली तशीच राहिली होती, आणि नवीन आज्ञावलीने जे चिन्ह वापरले तेच पूर्वी या जुन्या भागाला जागे करणारे होते. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले व संस्थेला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. गोंधळात सात सर्व्हरवरील नवीन, योग्य आज्ञावली काढून टाकण्यात आली आणि संकट वाढले. चढवलेल्या प्रतीची दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासणी करावी असा लेखी नियम तेथे नव्हता, हे अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने २०१३ च्या आदेशात नमूद केले व १.२ कोटी डॉलरचा दंड केला.

आज्ञावली कशी लिहावी याविषयीचा सगळा उपदेश येथे अपुरा पडतो. नवीन आज्ञावली अन्य सात यंत्रांवर ठीक चालत होती. कोणत्या यंत्रावर कोणती प्रत आहे, हे एका माणसाच्या स्मरणावर सोडलेले होते, इतकेच.

टेस्टफ्लाइटच्या कसोटीवर

ॲपलच्या टेस्टफ्लाइट या सेवेकडे पाहिले म्हणजे ब्रुक्स यांच्या दालनांचा कित्येक दशकांनंतरचा अवतार समोर येतो. ही सेवा चालवणारी कंपनी ॲपलने २०१४ साली विकत घेतली. तीत प्रत्येक बिल्डला क्रमांक अनिवार्य आहे. प्रकल्पाच्या खात्यात भूमिका दिलेले आतले टेस्टर १०० पर्यंत आणि बाहेरचे १०,००० पर्यंत असू शकतात. बाहेरच्यांकडे जाण्यापूर्वी बिल्डला ॲपलच्या तपासणीतून जावे लागते. टेस्टरांचे गट करून कोणत्या गटाला कोणती बिल्ड द्यायची हे ठरवता येते. खातेधारक, प्रशासक, ॲप-व्यवस्थापक, डेव्हलपर अशा भूमिका वेगवेगळ्या आहेत. आणि प्रत्येक बिल्ड ९० दिवसांनी कालबाह्य होते.

यांतील शेवटची तरतूद वरकरणी किरकोळ वाटेल, परंतु ब्रुक्स यांच्या ग्रंथालयात जे नव्हते ते तिने आणले : प्रतीला मरण दिले. ओएस/३६० च्या वर्णनात आवृत्ती पुढच्या दालनात जाते. जुनीचे काय होते, हे कळत नाही. नाइट कॅपिटलला बुडवले ते अशाच न मेलेल्या जुन्या आज्ञावलीने.

भूमिकांच्या बाबतीत मात्र साधन पुरवले म्हणजे शिस्त आली असे होत नाही. लहान संस्थांत, आणि महाविद्यालयीन प्रकल्पांत तर सर्रास, एकच खाते व एकच पासवर्ड पाच-सहा जण वापरतात. त्यात हेतू वाईट नसतो. वेळ वाचतो, नवीन माणसाला अधिकार देण्याची खटपट टळते. मग नोंदीत सर्व बिल्ड एकाच व्यक्तीने चढवल्या असे दिसते, आणि प्रकल्प सोडून गेलेल्याकडे चावी तशीच राहते. येथे दोष सेवेचा नाही, तिच्या रचनेमागील विचार न शिकवण्याचा आहे. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात चाचणीचे प्रकार विस्ताराने येतात. चाचणीसाठी दिलेली प्रत कोणी, कोणाला, केव्हा दिली हे लिहून ठेवण्याचा सराव विद्यार्थ्यांना क्वचितच मिळतो.

ब्रुक्स यांचे बारावे प्रकरण त्यासाठी आजही वर्गात वाचण्याजोगे आहे. मात्र ते वाचताना ७०१० वरील सूचीचे रकाने एकदा मोजून पाहावेत. आवृत्ती, स्थिती, ठिकाण, बदल असे चार रकाने ब्रुक्स सांगतात. प्रत कोणाच्या हाती दिली आणि त्याच्याकडून ती केव्हा परत घेतली, यासाठी त्यांच्या वर्णनात पाचवा रकाना नाही.