तोच दावा, दोन स्तोत्रं

बायबलमधलं १०८ वं स्तोत्र नवं नाहीच. ५७ व्या स्तोत्राची ७ ते ११ आणि ६० व्याची ५ ते १२ ही वचनं जोडून ते झालंय. प्रयोगशाळेत बसणाऱ्या माझ्यासारख्याला हा आयता प्रयोग: नमुना तोच, द्रावण बदललं.

६० व्याकडून आलेल्या भागात देव स्वतः बोलतो. गिलाद आणि मनश्शे यांच्यावर तो हक्क सांगतो, एफ्राईमला शिरस्त्राण करतो, यहूदाला राजदंड. बाराही वंश यादीत नाहीत, पण यार्देनेचे दोन्ही काठ आहेत. शलमोनानंतर राज्य फुटलं, उत्तरेत एफ्राईम, दक्षिणेत यहूदा. इथे मात्र दोघं एकाच योद्ध्याच्या अंगावर!

यहूदासाठीचा हिब्रू शब्द 'मेहोकेक'. त्याचा अर्थ राजदंडही होतो आणि नियम घालून देणाराही. मराठीत एकच निवडावा लागतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं (१९२४ ला छापून आलं, त्या १९२२ लाच गेल्या), तेव्हा अशा किती जागी अडल्या असतील!

शेजाऱ्यांच्या वाट्याला हलकी कामं. मवाब धुण्याचं घंगाळ, अदोमावर जोडा. हा जोडा अपमानाचा की ताब्याचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. रूथच्या गोष्टीत जमिनीचा व्यवहार पायताण काढून देऊन पक्का होतो. आपल्याला हे परकं वाटू नये. भरताने सिंहासनावर पादुकाच ठेवल्या, आणि काळेवाडीपासून जवळच आकुर्डीला तुकोबांची पालखी मुक्कामाला येते तीही पादुकांची.

आता द्रावण बघा. १०८ मध्ये हा दावा पहाटेच्या स्तुतीनंतर येतो, म्हणून तो विजयघोष वाटतो. ६० मध्ये त्याआधी देवाने टाकल्याची, जमीन हादरल्याची तक्रार आहे. गंमत म्हणजे ६० च्या शीर्षकात बारा हजार अदोमी मारल्याचा विजय नोंदलाय आणि कविता सुरू होते पराभवाने. प्रांत हातातून निसटत असताना कोणी सातबारा वाचून दाखवावा, तसा तो दावा ऐकू येतो. म्हणून मला ६० जास्त सच्चं वाटतं.

दोन्हींत पुढे तोच प्रश्न येतो: देवा, तू आम्हाला टाकलंस ना, आमच्या सैन्याबरोबर निघत नाहीस ना? १०८ मध्ये तो अचानक आदळतो, कारण वर कुठे जखम दाखवलेलीच नाही. ६० मध्ये ती पहिल्या ओळीपासून उघडी आहे.