कलम ७ : एका घडीव वाक्याचं रसग्रहण

नियम किती नेटका लिहिलाय, हे तो संगणकाला शिकवायला बसल्यावर कळतं. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याचं कलम ७ या कसोटीला झकास उतरतं. अर्ज केल्यावर पंधरा दिवसांत काम मिळालं नाही, तर बेरोजगार भत्ता. दिवस मोजायचे अर्ज पोचल्याच्या तारखेपासून. आगाऊ अर्ज असेल तर काम हवं असलेल्या तारखेपासून. दोन्हींत जी नंतरची, ती धरायची.

समजा, भीमाशंकरजवळच्या तळेघर गावच्या मजुराने भातकाढणीच्या धामधुमीतच, १ नोव्हेंबरला, अर्ज देऊन १० डिसेंबरपासून काम मागितलं. नंतरची तारीख १० डिसेंबर. २५ डिसेंबरपर्यंत काम नाही, तर भत्ता लागू. पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे किमान निम्मा. कुटुंबाचे वर्षातले शंभर दिवस भरले की भत्ता बंद. सुरुवात कुठे, दर काय, थांबायचं कधी, सगळं कलमातच. प्रोग्रामर अडतो तो एकाच जागी: 'किमान' म्हणजे नेमके किती? तो आकडा राज्य सरकारने ठरवायचा, हेही कलमच सांगतं.

याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतला अंतराचा नियम वरवर तितकाच सुबक. काम शक्यतो गावापासून पाच किलोमीटरच्या त्रिज्येत द्यावं. त्याबाहेर दिल्यास दहा टक्के जादा मजुरी. संगणक नकाशावर दोन बिंदू घेईल, सरळ रेषा मोजेल, मोकळा होईल. पण भीमाशंकरच्या डोंगरात सरळ रेषेत घारच जाते. माणसाला ओढा ओलांडावा लागतो, सोंडेला वळसा घालावा लागतो. रेषेवर साडेचार किलोमीटर भरलेली वाट पायाखाली सात होऊ शकते, आणि जादा मजुरी शून्य. यात प्रोग्रामची चूक नाही. त्याने नियम तंतोतंत पाळला. नियम लिहिताना डोंगर विचारात घेतला नव्हता, एवढंच त्याने उघड केलं.

म्हणून माझी दाद कलम ७ लाच. त्याला हवी असते फक्त तारीख, आणि ती मजुराच्या हाती राहावी म्हणून अर्जाची तारखेसह पोच देणं कायद्याने बंधनकारक केलंय. पोच नसेल, तर अर्ज संगणकावर चढेल तो दिवस पहिला ठरण्याची भीती. काम मागणाऱ्याने पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीची पायरी उतरू नये.