जोर की कान? गिटार शिकणाऱ्यांना केल्या जाणाऱ्या उपदेशाची तपासणी



आजचा विषय वाचून काहींनी आम्हाला विचारलं की, उभा जन्म कांट आणि शंकराचार्य शिकवण्यात घालवलेल्या माणसाने गिटारवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. गिटार कशी वाजवावी हे आम्ही शिकवणार नाही, तेवढा आमचा अधिकारही नाही. गिटार शिकणाऱ्यांना पुस्तकांतून, वर्गांतून आणि हल्ली मोबाईलवरून जो उपदेश केला जातो, तो तपासणं एवढाच आजचा बेत. आणि उपदेश तपासणं हा तर आमचा जुनाच धंदा.

एक घरगुती कारणही आहे. आमच्या नातीने 11व्या वर्षी गिटार घेतली आणि सात-आठ महिन्यांत ती भिंतीवर टांगली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आजोबा, माझी बोटंच तशी नाहीत." निवृत्तीनंतर, 68व्या वर्षी, आम्ही ती गिटार खाली उतरवली. आता सहा वर्षं झाली. आम्ही बेताचेच वाजवतो, पण तिचं ते वाक्य काही पाठ सोडेना. एवढ्याशा मुलीला आपल्या बोटांबद्दल एवढा मोठा निष्कर्ष कुणी काढून दिला? आमचं उत्तर असं आहे की, तो तिला मिळालेल्या सल्ल्यातूनच निघाला. सल्ला नापास झाला होता, आणि मार्क मात्र तिच्या बोटांना कमी पडले.

तेव्हा आधी कसोटी ठरवू. आमच्या मते, पूर्ण सल्ल्यात तीन गोष्टी हव्यात. काय करायचं, का करायचं, आणि ते नीट झालं की नाही हे शिकणाऱ्याला स्वतःला कशावरून ओळखता येईल. या तिसऱ्या गोष्टीला आपण 'खूण' म्हणू. पहिलीच गोष्ट असेल तर तो हुकूम. पहिल्या दोन असतील तर ते व्याख्यान. तिन्ही असतील तर सल्ला.

आता सगळ्यात लोकप्रिय हुकूम घ्या : 'रोज वाजवा, आपोआप येईल.' कुणी किती तास तेही सांगतं. यावर ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथातच विचार करून ठेवला आहे. सद्गुण करण्यातून येतात हे सांगताना तो उदाहरण देतो ते तंतुवाद्य वाजवणाऱ्याचं. ग्रीकांच्या 'किथारा' या वाद्याच्या नावावरूनच पुढे 'गिटार' हा शब्द आला, त्यामुळे हे उदाहरण आपल्या अगदी घरचं. वाजवूनच माणूस वादक होतो, हे त्याचं म्हणणं सगळे उचलतात. त्यापुढचं मात्र सोडून देतात. तो म्हणतो की, चांगला वादक वाजवूनच होतो आणि वाईट वादकही वाजवूनच होतो. तसं नसतं तर शिक्षकाची गरजच उरली नसती. म्हणजे रोज दोन तास चुकीचं वाजवलं, तर दोन तासांची चूक पक्की होते. सराव बिचारा आंधळा आहे, तुम्ही जे द्याल ते तो घट्ट करतो.

दुसरा हुकूम : 'जोर लावून दाबा, बोटं दुखणारच.' इथे जरा थांबू, कारण सुरुवात करणारी माणसं इथेच जास्त गळतात.

गिटारच्या नेकवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. आपल्या सतारीच्या भाषेत पडदे. तार दाबल्यावर स्वर बोटामुळे ठरत नाही, फ्रेटमुळे ठरतो. फ्रेटपासून ब्रिजपर्यंत तारेची जी लांबी उरते, ती कंप पावते. बोटाचं काम फक्त तारेला फ्रेटवर टेकवण्याचं. आता बोट फ्रेटच्या अगदी मागे, ब्रिजकडे नव्हे तर खुंट्यांच्या बाजूला, लगत ठेवलं तर थोड्या दाबाने तार टेकते. दोन फ्रेटच्या मधोमध ठेवलं तर जास्त दाब लागतो. आणि गरजेपेक्षा जास्त दाबलं तर तार ताणली जाते आणि स्वर चढतो. म्हणजे 'जोर लावा' हा सल्ला पाळणारा विद्यार्थी हात दुखवून घेतो आणि वर बेसूरही होतो.

याच सल्ल्याची पूर्ण आवृत्ती अशी होईल. बोट फ्रेटच्या मागे लगत ठेवा. तारेला नुसता स्पर्श करा आणि दुसऱ्या हाताने ती छेडत राहा. आधी 'ठक्क' असा मेलेला आवाज येईल. दाब हळूहळू वाढवा, मग खरखर ऐकू येईल. आणखी किंचित दाबलं की स्वर स्वच्छ होईल. तिथे थांबा. तेवढाच दाब लागतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा आम्हाला चक्क फसवणूक झाल्यासारखं वाटलं, कारण त्याआधी आम्ही त्याच्या कितीतरी पट जोर लावत होतो. या सल्ल्यात खूण आहे, आणि ती शिकणाऱ्याच्या कानात आहे. शिक्षक समोर असो वा नसो.

आम्ही स्वतः आधी हुकूमच पाळला होता. सुरुवातीला एका क्लासला जात होतो. तिथले शिक्षक सज्जन होते, पण प्रत्येक अडचणीवर त्यांचं औषध एकच : "काका, अजून दाबा." चार महिन्यांत अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात कळा सुरू झाल्या. आम्ही ते तपश्चर्येचं लक्षण समजलो. शेवटी डॉक्टरांनी तीन महिने वाजवणंच बंद करायला लावलं. तेव्हा कळलं की दुखणं दोन जातींचं असतं. बोटांच्या टोकांची कातडी सुरुवातीला हुळहुळते, काही आठवड्यांत ती निबर होते, त्याची काळजी नको. मनगट, अंगठ्याचं मूळ किंवा कोपराखालचा हात दुखला, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर तिथल्या तिथे थांबायचं. 'दुखणारच' या एका शब्दात दोन्ही कोंबले की सल्ला धोक्याचा होतो.

आणि काही वेळा दोष वाद्याचा असतो. आमच्या नातीच्या गिटारीच्या तारा 12व्या फ्रेटपाशी मोजल्या तर फ्रेटपासून जवळपास 5 मिलिमीटर उंच निघाल्या. स्टीलच्या तारांच्या गिटारला तिथे साधारण 2 ते अडीच मिलिमीटर पुरतात, नायलॉनच्या तारांना 3 ते 4. लहान मुलीने त्या दोरखंडासारख्या तारा दाबायच्या, आणि दाबल्या नाहीत तर बोटं वाईट! म्हणून नवशिक्याला पहिला सल्ला खरं तर मोजपट्टीचा द्यायला हवा. जाणकाराकडून तारांची उंची नीट करून घ्या, मग बोटांना बोल लावा.

तिसरा सल्ला हल्ली फार चालतो : एका मिनिटात दोन कॉर्डची अदलाबदल किती वेळा होते ते मोजा आणि आकडा रोज वाढवा. याला नुसता हुकूम म्हणता येणार नाही. यात खूण आहे, प्रगती शिकणाऱ्याला स्वतः मोजता येते. पण खूण कशाची, हे पाहा. आकडा वेग मोजतो, स्वर मोजत नाही. त्यामुळे विद्यार्थी अर्ध्या तारा मेलेल्या ठेवून आकडा वाढवतो. परीक्षेतल्या मार्कांचंही आपल्याकडे असंच होतं, ते वेगळं सांगायला नको. दुरुस्ती सोपी आहे. ज्या बदलात प्रत्येक तार स्वच्छ वाजली तोच मोजायचा. आकडा निम्म्यावर येईल, पण तो खरा असेल.

आता दोन जुन्या पुस्तकांकडे वळू. माउरो जुलियानी या इटालियन वादकाने 1812 मध्ये व्हिएन्नात आपली अभ्यासमाला प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या भागात उजव्या हाताचे 120 पाठ आहेत, आणि त्यांना डाव्या हातासाठी कॉर्ड किती? फक्त दोन, सी मेजर आणि जी सेव्हन. वरवर पाहिलं तर हा कोरडा घोकंपट्टीचा डोंगर वाटतो. पण रचनेतच कारण दडलेलं आहे. डावा हात जवळजवळ स्थिर ठेवला की सगळं लक्ष उजव्या हाताकडे जातं. एका वेळी एकच अडचण, हे सूत्र त्याने न बोलता पाळलं. उणीव एवढीच की, ते सूत्र बोलून दाखवलं नसल्यामुळे पुढचे लोक 120 पाठांचा हुकूम तेवढा लक्षात ठेवतात.

बार्सिलोनाच्या फर्नांदो सोरचं पुस्तक नेमकं उलटं. 1830 मध्ये पॅरिसमध्ये निघालेली त्याची 'मेथड' म्हणजे एक दीर्घ युक्तिवाद आहे. गिटार अशी का धरायची, अंगठा तिथेच का, प्रत्येक गोष्टीची तो कारणं देतो. सवयीपेक्षा विचाराला मान देणारा हा ग्रंथ तत्त्वज्ञानाच्या माणसाला आवडला नाही तरच नवल. पण सोर म्हणाला ते सगळं बरोबर होतं असं नाही. उजव्या हाताची अनामिका त्याने फार बेताने वापरली. पुढच्या वादकांनी ती सर्रास वापरली, आणि आज तिच्याशिवाय शास्त्रीय गिटारची कल्पना करवत नाही. नखांच्या बाबतीतही तसंच. सोर बोटाच्या मांसल टोकाने वाजवायचा, आणि त्याचा मित्र दिओनिसिओ आग्वादो नखांनी. दोघेही मोठे वादक, पॅरिसमध्ये एकत्र राहिलेले. सोरने दोघांनी मिळून वाजवण्यासाठी जी रचना केली तिचं नावच 'दोन मित्र' असं आहे. मग नवशिक्याने कुणाचं ऐकायचं?

आमचं म्हणणं असं की, हा प्रश्नच चुकीचा आहे. मांसल टोकाने स्वर गोल आणि मऊ येतो, नखाने तो अधिक लखलखीत येतो. तुम्हाला कोणता हवा ते कानाने ठरवा. सोरची थोरवी त्याच्या निष्कर्षांत नाही. त्याने कारण दिलं, म्हणून त्याचं चुकलेलं पुढच्यांना दुरुस्त करता आलं. कारण न देणाऱ्याचं बरोबर असलं तरी त्यावरून पुढे काही काढता येत नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे गुरू कुठे कारणं देत बसतात? खरं आहे. पण आपल्या परंपरेत खूण गुरूच्या कानात असते. शिष्याचा स्वर हलला की गुरू हात वर करतो, पुन्हा गाऊन दाखवतो. 'रियाज कर' हा हुकूम त्या कानासकट दिलेला असतो. तोच हुकूम उचलून 'दहा टिपा' अशा यादीत टाकला की कान मागेच राहतो. गिल्बर्ट राइलने 1949 च्या आपल्या पुस्तकात कवायत आणि शिक्षण यांत फरक केला आहे. कवायत माणसाला विचार न करता करायला लावते, शिक्षण त्याला आपलंच काम पारखायला लावतं. यादी कवायत देते, गुरूचा कान शिक्षण देतो. ज्याला गुरू मिळत नाही त्याने काय करायचं? मोबाईलवर स्वतःचं वाजवणं नोंदवा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना बोटांकडे लक्ष असतं, ऐकताना फक्त कान असतो. कालच्या आपल्याला आजचे आपण बऱ्यापैकी कठोर गुरू होतो, हा आमचा अनुभव आहे.

एक शेवटचा हुकूम : 'बॅरे कॉर्ड आल्याशिवाय कॅपो लावायचा नाही, ती लबाडी आहे.' बॅरे म्हणजे पहिलं बोट आडवं टाकून अनेक तारा एकदम दाबणं. यात एफ कॉर्ड कुप्रसिद्ध, कारण तो पहिल्याच फ्रेटवर, आणि नटजवळ तारा दाबायला जास्त कठीण. त्याचा सराव आधी 5व्या फ्रेटवर करा, बोट किंचित कुशीवर वळवा, एकेक तार छेडून ऐका, मग हळूहळू खाली या. आणि कॅपो लबाडी कशी? आपला गायक "काळी एक" म्हणतो तेव्हा पेटीवाला पट्टी बदलतो, त्याला कुणी लबाड म्हणत नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी मेजरचा आकार धरला की झाली काळी एक. गाणाऱ्याच्या गळ्याची सोय पाहणं हे संगीतच आहे.

आता कबुली. हे सगळं बोलताना आम्हाला आमचाच वर्ग आठवत होता. पस्तीस वर्षांत कितीतरी विद्यार्थ्यांनी विचारलं, "सर, कांट कळत नाही, काय करू?" आम्ही सांगायचो, "पुन्हा वाच." काय करायचं ते सांगितलं, का ते नाही, आणि कळल्याची खूण काय तेही नाही. 'अजून दाबा' आणि 'पुन्हा वाच' यांत फरक तो काय? त्यांतले काही विषय सोडून गेले, आणि जाताना मनात नक्की म्हणाले असतील की आपलं डोकंच तसं नाही. आज तो विद्यार्थी समोर आला, तर आम्ही म्हणू : एक परिच्छेद वाच, पुस्तक मीट, आणि त्यातलं म्हणणं धाकट्या भावाला सांगून बघ. जिथे अडखळशील तिथे तार खरखरते आहे. तेवढाच भाग परत वाच.

नात आता कॉलेजात आहे. तारा खाली घेतल्यावर आम्ही तिला ती दाब कमी करण्याची गंमत दाखवली. स्वर स्वच्छ आला तेव्हा तिने बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच?" हो, एवढंच. पण हे तिला 11व्या वर्षी कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि घरात एक प्रोफेसर असताना कुणी सांगितलं नाही.

तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.