त्रिंबकजी डेंगळ्याच्या सुटकेचे गाणे

त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातून ता. १२ सप्टेंबर १८१६ रोजी निसटला, ह्याविषयी वाद नाही. वाद आहे तो गाण्याविषयी. किल्ल्यातील एका अंमलदाराच्या मराठा मोतद्दाराने घोडा फिरविताना कैद्याच्या खिडकीखाली गाऊन खबर पोचविली व पहाऱ्यावरील गोऱ्यांस भाषेअभावी ती कळली नाही, असे ग्रँट डफने १८२६ साली छापले. गाण्याचा पाठ त्याने दिला नाही. बिशप हिबरचे प्रवासवृत्त त्याच्या मृत्यूनंतर १८२८ साली निघाले, त्यात त्या मासल्याच्या आठ इंग्रजी ओळी आल्या. त्यांचे मराठी करून ‘मूळ गीत’ म्हणविण्याचा मोह कोणासही पडण्यासारखा आहे. म्हणून हे परीक्षण.

आमच्या मते ह्या ओळी हिबरच्या होत, मोतद्दाराच्या नव्हेत. झुडपाआड तिरंदाज, झाडाखाली घोडा, रानवाटेस सोबती शोधणारा गायक, हा सारा सरंजाम इंग्रजी गाथागीतांतला, छंदही तिकडचाच. हिबर स्वतः कवी होता, त्याची ख्रिस्ती स्तोत्रे अद्याप गायिली जातात. तिरंदाज एक वेळ सोडून देऊ, कारण त्रिंबकजीने पुढे भिल्ल जमविलेच. परंतु आम्हां ठाणेकरांस एक उणीव चटकन जाणवते. ठाणे काय, आमचा माजिवडा काय, दोन्ही साष्टी बेटात मोडतात; देशावर जाणाऱ्यास प्रथम खाडी उतरणे भाग. पंचावन्न घोडी आणि चौपन्न स्वार उभे राहावयाचे ते पैलतीरी. सुटणाऱ्याची पहिली चिंता होडीची, आणि आठ ओळींत रान आहे, पाणी नाही! तेथला मोतद्दार खाडी विसरेल हे संभवत नाही. पाहुणा बिशप विसरेल. शिवाय किल्ल्यात मराठी जाणणारे चाकर होतेच, गाणाराच त्यांपैकी एक. इतका उघड मजकूर त्याने मोठ्याने गाइला असेल काय? रिकाम्या पंचावन्नाव्या घोड्याचा संकेत मात्र आम्ही राखून ठेवू. भाषांतरात शब्द जातात, आकडे बहुधा टिकतात.

गाण्याच्या नादात हिबरचीच दुसरी नोंद मागे पडली, ती आम्हांस अधिक मोलाची वाटते. १८१८ साली त्रिंबकजी पुन्हा सापडला व पुढे चुनारच्या किल्ल्यात गेला. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाचा आरोप, पण न्यायसभेपुढे चौकशी नाही. फौजेच्या बळावर नुकत्याच स्थिरावलेल्या सत्तेस ती नकोच होती. त्याच वर्षी बंगालच्या तिसऱ्या रेग्युलेशनने चौकशीवाचून राजबंदी ठेवण्यास कायद्याचे रूप दिले. १८२४ साली हिबरने त्यास चुनारला पाहिले. गोरा व देशी असा दुहेरी पहारा. शयनगृहाच्या गजांच्या खिडक्याही चौकीच्याच पडवीत उघडणाऱ्या. ठाण्याची चूक पुन्हा होऊ नये, हा धडा कंपनीने पुरता गिरविला होता. ह्या नोंदीस छंद नाही, म्हणून ती कोणी उद्धृत करीत नाही. त्या कैदेतच तो वारला. तेथे तो इतकी वर्षे कसा तगला, हे त्याच्या शब्दांत सांगणारे एखादे पत्र नाशिक-संगमनेरकडील दप्तरांत निघाले, तर त्याची किंमत शंभर गाण्यांहून जास्त.

आणि गाणेच एखाद्या बाडात सापडले, तर संग्राहकांनी आधी कागद व हस्ताक्षर पाहावे, मग मजकूर. ओळींचा क्रम इंग्रजीशी तंतोतंत जुळला, तर बाड बाजूस ठेवावे. खाडी व नावाडी आढळले, तर आम्हांस अवश्य कळवावे.