हायडेलबर्गचे लुप्त उद्यान : संगणकीय पुनर्रचना आणि पुराव्याची मर्यादा

प्रस्तावना : नष्ट झालेली वास्तू संगणकाच्या साहाय्याने पुन्हा दृश्यमान करणे, हे इतिहाससंशोधनाचे एक महत्त्वाचे साधन बनले आहे. उद्यानाच्या बाबतीत मात्र हे कार्य अधिक बिकट ठरते. कारण भिंतींचे अवशेष टिकतात, ताटवे टिकत नाहीत. जर्मनीतील हायडेलबर्ग किल्ल्याच्या ‘होर्टुस पालाटिनुस’ या आरंभीच्या बरोक वळणाच्या उद्यानाच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन : पॅलाटिनेटचा इलेक्टर फ्रेडरिक पाचवा याने १६१४ मध्ये हे काम सालोमाँ द को या फ्रेंच अभियंत्याकडे सोपविले. डोंगरउतारावर प्रचंड आधारभिंती बांधून सपाट टप्पे निर्माण करण्यात आले. १६१९ मध्ये फ्रेडरिक बोहेमियाचा राजमुकुट स्वीकारून प्रागला गेला आणि काम अपुरे राहिले. १६२० मध्ये द को याने उद्यानाची चित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १६२२ मध्ये शहर शत्रूच्या हाती पडले. आज टप्पे व काही अवशेषच उरले आहेत.

पुनर्रचनेचा मुख्य आधार हा ग्रंथच होय. परंतु तो उद्यान जसे योजिले होते तसे दाखवितो, जसे बांधले गेले तसे नव्हे. याक फुकिएर याचे रंगचित्रही उद्यान पूर्णत्वास गेल्यासारखेच रंगविते. त्यामुळे या दोन साधनांतील साम्य हा बांधकामाचा पुरावा मानता येत नाही. शिवाय संगणकाला प्रत्येक कुंपणाची उंची व पानांचा रंग ठरवून द्यावाच लागतो. परिणामी अनुमानालाही मोजमापाइतकीच झळाळी प्राप्त होते.

याचा अर्थ हे तंत्र निरुपयोगी आहे, असा नाही. रेखाटलेले टप्पे प्रत्यक्ष उतारावर बसतात काय, कारंज्यांना पुरेसा दाब मिळाला असता काय, हे प्रश्न प्रतिकृतीतूनच तपासता येतात. तिचे खरे मूल्य सौंदर्यदर्शनात नसून अशा पडताळणीत आहे.

निष्कर्ष : केवळ तर्कावर उभारलेल्या उद्यानाला ऐतिहासिक उद्यान म्हणता येणार नाही, असे १९८१ च्या फ्लॉरेन्स सनदेने स्पष्ट केले आहे. हाच निकष पडद्यावरील उद्यानालाही लागू करावयास हवा. अवशिष्ट, रेखाटलेले आणि अनुमानित असे तीन स्तर प्रतिकृतीत वेगळे दाखविले पाहिजेत. अन्यथा कधीच पूर्ण न झालेले उद्यान आपण ‘हरवलेले’ म्हणून परत मिळवल्याचा भ्रम निर्माण होईल.