मरीचा स्वार: एका खलपुरुषाची वंशावळ

खलपुरुष म्हटला की त्याला हेतू असावा लागतो. तो हेतू राज्यलोभाचा असो, सूडाचा असो, अथवा इयागोप्रमाणे टीकाकारांच्या हाती अखेरपर्यंत न लागणारा असो. तो कोठेतरी आहे असा विश्वास वाचकाच्या ठिकाणी निर्माण झाल्यावाचून खलत्वाची प्रतीती येत नाही. रोगाला मात्र हेतू नसतो. प्लेगचा जंतू कोणाचा मत्सर करीत नाही, आणि ज्याला तो मारतो त्याची त्याला ओळखही नसते. म्हणूनच रोगराईला मनुष्यरूप देऊन तिला कथेतील प्रतिपक्षाच्या जागी उभे करणे हे कार्य वरवर दिसते तितके सुकर नाही. ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेतील ‘पेस्टिलन्स’ हा स्वार या अडचणीचा अभ्यास करण्यास विशेष सोयीचा आहे. कारण त्या व्यक्तिरेखेत कल्पनेची खरी झेप आणि कल्पनेची फसगत ही दोन्ही काही मिनिटांच्या अंतराने आढळतात.

एरिक क्रिप्के यांनी निर्माण केलेली ही मालिका १३ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झाली आणि पंधरा पर्वे चालून १९ नोव्हेंबर २०२० रोजी संपली. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोन भाऊ मोटारीतून अमेरिकाभर हिंडून भुतांचा व पिशाच्चांचा नाश करतात, एवढेच तिचे मूळ सूत्र होते. २००९-१० च्या पाचव्या पर्वात या सूत्राला बायबलमधील युगान्ताची जोड मिळाली. सैतान बंधमुक्त झाला, आणि त्याच्यामागोमाग युद्ध, दुष्काळ, रोगराई व मृत्यू हे चार स्वार पृथ्वीवर अवतरले. प्रत्येकाच्या बोटात एक अंगठी. चारही अंगठ्या एकत्र आल्या की सैतानाच्या कारागृहाची किल्ली सिद्ध होते. घोड्यांच्या जागी मोटारी आल्या आहेत: युद्ध येतो तो लाल रंगाच्या मस्टँगमधून. हा बदल हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. पण रस्ता आणि मोटार हाच ज्या मालिकेचा प्राण, तिला तो शोभतो.

या चौघांतील रोगराईचा स्वार मूळ ग्रंथात नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. ‘प्रकटीकरणा’च्या सहाव्या अध्यायात पहिला स्वार पांढऱ्या घोड्यावर येतो, त्याच्या हाती धनुष्य असते, त्याला मुकुट दिला जातो आणि तो जिंकण्यासाठी निघतो. दुसरा तांबड्या घोड्यावर तलवार घेऊन, तिसरा काळ्या घोड्यावर तराजू घेऊन येतो. चौथ्या घोड्याचा रंग रोगट, हिरवट-पिवळा. त्याच्यावरील स्वाराचे नाव मृत्यू, आणि त्याच्यामागून अधोलोक चालतो. नाव दिलेले आहे ते या चौथ्यालाच. रोगाचा उल्लेख येतो तो पुढे, मारण्याच्या साधनांच्या यादीत. आणि तेथेही ग्रीक शब्द ‘थानातोस’, म्हणजे मृत्यू, हाच आहे. हिब्रू धर्मग्रंथांच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘रोगाची साथ’ या अर्थाच्या हिब्रू शब्दासाठी हाच शब्द योजलेला असल्याने भाष्यकार येथे ‘मरी’ असा अर्थ घेतात. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. ‘मरी’ या मराठी शब्दातही मरण आणि साथ एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

म्हणजे ग्रंथात जे मृत्यूचे एक साधन होते त्याला पुढे स्वतंत्र स्वाराची पदवी मिळाली, आणि त्यासाठी पांढऱ्या घोड्यावरील विजेत्याला आपली जागा सोडावी लागली. १४९८ च्या आल्ब्रेख्ट ड्यूररच्या प्रसिद्ध काष्ठचित्रात हा विजेता अजून धनुष्य ताणून दौडत आहे. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिसेंते ब्लास्को इबान्येस यांच्या कादंबरीत मात्र तोच स्वार काहींच्या मते विजय तर काहींच्या मते रोगराई ठरतो. ही कादंबरी जगभर वाचली गेली व १९२१ मध्ये चित्रपटरूपाने जगभर पाहिली गेली. लोकमानसातील चौकडीत रोगराई कायमची बसविण्यात तिचा वाटा मोठा असावा. धनुष्यामुळेही हे स्थित्यंतर सोपे झाले असेल. साथ आणि बाण यांचा संबंध युरोपीय कल्पनेत फार जुना आहे. ‘इलियड’च्या आरंभी ग्रीकांच्या छावणीत अपोलो जी साथ पसरवितो ती बाणांनीच. तथापि अपोलो हा रोग बरा करणाराही देव आहे, आणि त्याचा कोप शांत करता येतो. भारतीय वाचकाला येथे गाढवावर बसलेली, हाती केरसुणी व कलश धरलेली शीतला आठवल्यावाचून राहणार नाही. तिने दिलेले दुखणे तिनेच काढून घ्यावयाचे असते. तिच्याशी बोलता येते, तिला नवस करता येतो. युगान्ताचा स्वार कोणाचा नवस ऐकत नाही. तो एकदाच निघतो, आणि मागे वळून पाहणे त्याच्या कल्पनेतच बसत नाही.

अशा निर्दय आणि निर्हेतुक शक्तीला मालिकेने वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात डॉक्टर म्हणून नेऊन बसविले आहे. ६ मे २०१० रोजी प्रक्षेपित झालेल्या, पाचव्या पर्वाच्या एकविसाव्या भागातील हा प्रसंग आहे. मॅट फ्र्यूअर या नटाने तो ज्या रीतीने उभा केला आहे तिची वाखाणणी करावयास हवी. हा डॉक्टर गरजत नाही. रोग्यांमध्ये तो एखाद्या निष्णात माळ्यासारखा वावरतो आणि एका रोगावर दुसऱ्या रोगाचे कलम करून पाहतो. दोघे भाऊ त्याच्यापुढे येतात ते एकाच वेळी अनेक रोगांनी ग्रासून, जमिनीवर कोसळत. तेव्हा तो त्यांना जे ऐकवितो ते या व्यक्तिरेखेचे सर्वस्व होय. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रोगाला लोक उगाच घाणेरडा व बेबंद म्हणतात, ते वर्णन आजारी पडणाऱ्या माणसांना लागू पडते. रोग स्वतः शुद्ध आहे, एकाग्र आहे. जंतूला एकच कार्य ठाऊक असते, म्हणून अखेरीस तोच जिंकतो. मग ईश्वराने आपले सारे प्रेम या गबाळ्या, दुर्बळ माणसावर का उधळावे?

या भाषणात निर्हेतुकतेलाच सद्गुणाचे रूप दिलेले आहे. खलपुरुष येथे जंतूची बाजू घेतो आणि जंतूला मन नाही याबद्दल त्याची प्रशंसा करतो. स्वतःला मन आहे याची त्याला जणू थोडी लाजच वाटते. भीती वाटते ती याची. एडगर ॲलन पो याने १८४२ मधील आपल्या कथेत लाल मरीला मुखवटा व कफन घालून राजपुत्राच्या नृत्यसमारंभात आणले, आणि शेवटी त्या वेषाच्या आत कोणीच नाही असे दाखविले. रिकाम्या वेषाची ही कल्पना आणि शुश्रूषागृहातील ते भाषण यांची जात एक आहे.

दुर्दैवाने मालिका या उंचीवर टिकत नाही. या स्वाराच्या हातून घडणारे कथानक वेगळेच आहे. तो प्रथम स्वाइन फ्लूची साथ पसरवितो. त्याचे हस्तक असलेली ‘निव्हिअस’ नावाची काल्पनिक औषध-कंपनी त्या साथीवरील लस देशभर पाठविण्याच्या तयारीत असते. आणि त्या लसीतच माणसाला हिंस्र पिशाच्च बनविणारा ‘क्रोआटोअन’ विषाणू मिसळलेला असतो. म्हणजे रोग हे केवळ आमिष, खरा घात उपचारात! २००९ च्या जून महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने स्वाइन फ्लूची महामारी जाहीर केली होती, आणि हे भाग प्रक्षेपित झाले तेव्हा ती घोषणा मागे घेतली गेली नव्हती. लेखकांनी समकालीन भीतीचा उपयोग केला यात गैर काही नाही. पण त्यामुळे ज्याला हेतूची गरज नव्हती त्याला कपटी कारस्थानी बनावे लागले. ज्याच्या नुसत्या श्वासाने गावे ओस पडावीत, त्याला मालवाहू गाड्यांचे वेळापत्रक कशाला हवे?

हा दोष केवळ रचनेचा असता तर दोन वाक्यांत त्याची बोळवण करता आली असती. रोगाला कारस्थानाचे रूप देण्याला मात्र फार जुना आणि रक्ताने माखलेला इतिहास आहे. १६३० साली मिलान शहरात प्लेग असता ग्युलिएल्मो पियात्सा नावाचा आरोग्य-अधिकारी चालता चालता भिंतीला हात पुसताना एका खिडकीतून दिसला. तेवढ्यावरून तो विषारी लेप फाशीत असल्याचा बोभाटा झाला. छळ करून त्याच्याकडून जान जाकोमो मोरा या न्हाव्याचे नाव काढण्यात आले, आणि दोघांनाही हाल हाल करून ठार मारण्यात आले. न्हाव्याचे घर पाडून तेथे जो ‘बदनामीचा स्तंभ’ उभारला, तो १७७८ पर्यंत उभा होता. आलेस्सांद्रो मान्झोनी याने १८४२ मध्ये या खटल्याची हकीकत लिहिली. त्याचा रोख प्लेगपेक्षा न्यायाधीशांवर अधिक आहे. अज्ञान आणि काळ यांच्या माथी दोष मारून त्यांना सोडून द्यावयास तो तयार नाही. रोगाला चेहरा हवा झाला की तो शेजाऱ्याचा किंवा वैद्याचा सापडतो, हे त्या पुस्तकाच्या पानापानावर दिसते.

दूषित लसीची गोष्ट तर भारताच्या इतिहासात प्रत्यक्ष घडलेली आहे. वाल्डेमार हाफकीन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना ती टोचण्यात आली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकीन यांना पदावरून दूर व्हावे लागले, आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरील ठपका दूर झाला. बाटली उघडतेवेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे दिसून आले होते. धुळीत पडलेला एक चिमटा, एकोणीस मृत्यू, एका शास्त्रज्ञाची वाताहत. यात दुष्ट हेतू कोणाचाच नाही. या घटनेतील शोकात्मता ‘निव्हिअस’च्या कथानकाला कोठेच सापडत नाही, कारण तेथे प्रत्येक मृत्यूमागे कोणीतरी हसत उभा आहे. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे याच मालिकेचे चित्रीकरण थांबले आणि तिचा शेवट महिनोन् महिने लांबला. त्यानंतरच्या लसींविषयीच्या संशयाचा खापर एका मनोरंजनपर कथेवर फोडणे अन्यायाचे होईल. पण तो संशय ज्या साच्यातून निघाला तो साचा या कथेने घासूनपुसून वापरला आहे, हे नाकारता येणार नाही.

आल्बेर काम्यूच्या ‘प्लेग’ने (१९४७) रोगाला चेहरा देण्याचे कटाक्षाने टाळले. ती कादंबरीची वाट. अद्भुतकथेला ती परवडणारी नाही, कारण तिला मूर्ती हवी असते. मात्र मूर्ती घडवूनही रोगाशी खेळकर प्रामाणिकपणा राखता येतो, हे टेरी प्रॅचेट व नील गेमन यांच्या ‘गुड ओमेन्स’ (१९९०) मध्ये दिसते. तेथे रोगराई पेनिसिलिनच्या नावाने कुरकुरत १९३६ सालीच निवृत्त झालेली आहे आणि तिच्या जागी प्रदूषणाची नेमणूक झाली आहे. हा विनोद आज जरा आशावादी वाटतो, इतकेच.

‘सुपरनॅचरल’च्या कर्त्यांना याहून चांगले करता येत नव्हते असे मात्र नव्हे. त्याच एकविसाव्या भागात चौथा स्वार, मृत्यू, शिकागोतील एका उपाहारगृहात शांतपणे पिझ्झा खात बसलेला आहे. तो कोणाचा द्वेष करीत नाही, कारस्थान रचीत नाही. सैतानाने आपल्याला वेठीस धरले याचाच त्याला कंटाळा आलेला आहे. डीनला तो समोर बसवून खाऊ घालतो, कधीतरी ईश्वरालाही आपण घेऊन जाऊ असे सहज सांगतो, आणि आपली अंगठी, एक अट घालून, स्वतःच्या हाताने काढून देतो. रोगराईची अंगठी मात्र सुरीने बोटांसह छाटून घ्यावी लागते. हा वार करणारा कास्टिएल हा जवळजवळ सर्व दिव्य शक्ती गमावून बसलेला देवदूत आहे, आणि इतर दोघांप्रमाणे तोही त्या खोलीत शिरताच खोकत कोसळलेला असतो. बोटे तुटलेला डॉक्टर आता फार उशीर झाल्याचे बजावून अदृश्य होतो, आणि कॅमेरा दुसऱ्याच क्षणी लसीच्या गाड्यांच्या मागे लागतो.